मदत हवी आहे: ऑइल पेस्टलवर पुढच्याचा कागद टिकत नाही

पुण्यात आम्ही पाच जण मिळून मिक्स्ड मीडिया कोलाज करतोय. १२ बाय १२ इंचांचे एमडीएफचे (लाकडाचे तंतू दाबून केलेले) पाच बोर्ड, दर रविवारी आपला बोर्ड पुढच्याच्या हातात, तो त्यावरच आपलं काम चढवतो.

आधीच्याने ऑइल पेस्टल लावलं असेल, तर त्यावर पांढऱ्या गोंदाने चिकटवलेला हातकागद दोन दिवसांत कडेने उचलतो. नखाने ओढला की गोंदाची अख्खी पापडी निघते, तळाला रंग चिकटलेला. पेस्टलमधलं तेल-मेण पूर्ण वाळतच नाही, त्यामुळे पाण्यातला गोंद धरत नाही, हे कळतं. टिश्यूने पुसून वर अ‍ॅक्रिलिक मॅट मीडियम (पाण्यात मिसळणारा, चकाकी नसलेला पारदर्शक लेप) देऊन पाहिलं. त्याचेच थेंब गोळा झाले. रात्रभर वजन ठेवूनही फरक नाही. दमट हवेचा दोष नाही, कारण त्याच बोर्डावर पेस्टल नसलेल्या जागी कागद पक्का आहे.

पेस्टल बंद करा, हा सल्ला कृपया नको. एकीचं सगळं काम त्यातच आहे आणि ते शेवटपर्यंत दिसायला हवं.

आता स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा पातळ थर मध्ये द्यायचा विचार आहे. साध्या लाखेत मेण असतं, म्हणून मेण काढलेली. स्पिरिटने पेस्टल पसरेल का? थर ब्रशने द्यावा की फवाऱ्याने? आणि अशी लाख पुण्यात सुटी, पाव किलोपर्यंत, कुठे मिळेल?