यूथ क्लबमध्ये स्वयंसेवक म्हणून जायचं आहे, अनुभव हवेत

नमस्कार मंडळी,

इथे ब्रिटनमध्ये निवृत्तीनंतर संध्याकाळी वेळ असतो. जवळच्या यूथ क्लबच्या दारावर स्वयंसेवक हवेत अशी पाटी पाहिली, म्हणून आत जाऊन चौकशी केली. आठवड्यातून एक संध्याकाळ, मुलं ११ ते १६ वर्षांची. तिथल्या प्रमुख बाई आपुलकीने बोलल्या आणि हातात फॉर्म दिला. त्यात दोन जणांची शिफारस, डीबीएस (गुन्ह्यांची नोंद बघणारी सरकारी संस्था) तपासणी, मग प्रशिक्षण असं सगळं आहे. आयुष्यभर सरळमार्गाने नोकरी केलेल्या माणसाला गुन्ह्यांची नोंद तपासणार म्हटलं की थोडं लागतं, हे खरं सांगतो.

दुसरा प्रश्न असा की तिथे जाऊन मी नेमकं करू काय? गणित चांगलं आहे, बुद्धिबळ शिकवता येईल. पण इथल्या त्या वयाच्या मुलांना माझ्यात काय रस वाटणार? माझे उच्चार तरी त्यांना कळतील का? कोणी असं काम करत असेल तर मोकळेपणाने लिहावं.

– एक ज्येष्ठ सभासद

---

काका, नमस्कार.

तुम्ही विचारलंत याचा फार आनंद झाला. मी बरीच वर्षं एका क्लबमध्ये जाते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी तपासणीचं. ती तुमच्यावरच्या संशयापोटी होत नाही. २००२ साली इंग्लंडमधल्या सोहम या गावात दोन लहान मुलींचा खून झाला. खुनी शाळेत केअरटेकर होता, आणि त्याच्यावर आधी झालेल्या आरोपांची माहिती पोलिसांकडे असूनही ती शाळेपर्यंत पोचली नव्हती. त्या प्रकरणाच्या चौकशीनंतर नियम कडक होत गेले आणि २०१२ मध्ये आजची डीबीएस ही संस्था उभी राहिली. म्हणून सगळ्यांचीच तपासणी होते, क्लबच्या प्रमुखांचीही. चेहरा बघून माणूस ओळखण्याची जबाबदारी कुणावरच राहत नाही. स्वयंसेवकांना डीबीएस शुल्क लावत नाही. प्रमाणपत्र टपालाने तुमच्याच घरी येतं, ते क्लबला नेऊन दाखवायचं. मला स्वतःला या तपासणीचा आधारच वाटतो. आपलं मूल त्या क्लबमध्ये पाठवणाऱ्या आईच्या नजरेने पाहिलंत तर तुम्हालाही वाटेल.

आता तिथे करायचं काय. काका, पहिले काही आठवडे काहीही शिकवायला जाऊ नका. बुद्धिबळाचा पट मांडून ठेवा, पण 'चल, तुला शिकवतो' असं म्हणू नका. ही मुलं दिवसभर शाळेत कोणाचं ना कोणाचं ऐकून आलेली असतात. क्लबमध्ये ती स्वतःच्या मर्जीने येतात, कंटाळा आला की निघून जातात. शाळेत आणि घरी मोठ्यांशी असलेल्या नात्यात ही मोकळीक नसते, म्हणून तर क्लबला महत्त्व आहे. आपण तिथे दुसरी शिकवणी सुरू केली की मुलं यायची थांबतात.

आमच्याकडे एक मुलगा यायचा, बारा-तेरा वर्षांचा. टोपी डोळ्यांवर ओढून टेबल टेनिसच्या टेबलाशेजारी भिंतीला टेकून उभा राहायचा. खेळायचा नाही, बोलायचा नाही. बाकीच्यांचा चेंडू भिंतीकडे गेला की तेवढा पायाने अडवून परत ढकलायचा. मी त्याला खेळायचा आग्रह केला नाही. आल्यावर नावाने हाक मारायची आणि जाताना 'पुढच्या आठवड्यात आहे मी' एवढं सांगायचं, असं चालू होतं. एका संध्याकाळी आवराआवर करताना तो आपणहून जाळीचं दुसरं टोक धरायला आला. आम्ही दोघं जाळी गुंडाळत होतो, नजर जाळीवर, आणि तो एकदम आजीबद्दल बोलायला लागला. ती दवाखान्यात होती. या वयाची मुलं समोरासमोर बसवून बोलत नाहीत. हात कशात तरी गुंतलेले असले आणि तुम्ही त्यांच्याकडे रोखून बघत नसलात, की बोलतात. तुमचा बुद्धिबळाचा पट इथे उपयोगी पडेल, दोघांनाही त्याच्याकडे बघता येतं.

उच्चारांची काळजी सोडा. मुलं सरळ विचारतात, 'काय म्हणालात?' आपण पुन्हा सांगायचं, यापलीकडे काही होत नाही. आणि त्यांची बोली आपल्याला कळली नाही तर आपणही विचारायचं. मोठ्या माणसाला काहीतरी समजावून सांगायला मिळालं की ती खुलतात.

एकच गोष्ट कळकळीने सांगते. हो म्हणालात तर दर आठवड्याला जा. मुलं आणि मोठी माणसं यांचं प्रमाण क्लबला सांभाळावं लागतं. एनएसपीसीसी या मुलांच्या संरक्षणासाठी काम करणाऱ्या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ९ ते १२ वयाच्या ८ मुलांमागे एक मोठं माणूस, १३ ते १८ च्या १० मुलांमागे एक, आणि मुलं कमी असली तरी किमान दोघं. ऐन वेळी एक जण आला नाही तर काही मुलांना दारातून परत पाठवावं लागतं, कधी ती संध्याकाळच रद्द होते. २०१० नंतर इथल्या कौन्सिलांनी (स्थानिक पालिकांनी) यूथ क्लबांचे पैसे फार कमी केले. पगारी माणसं गेली आणि बरेच क्लब आज स्वयंसेवकांच्या जिवावर चालू आहेत. त्यामुळे तुम्ही नुसते खोलीत हजर असणं हेसुद्धा कामच आहे. आणि ज्या मुलांच्या आयुष्यात मोठी माणसं येतात आणि न सांगता निघून जातात, ती तुमची गैरहजेरी मनात धरून ठेवतात. सुट्टीवर जाणार असाल तर त्यांना आधी सांगा. सहा महिनेच जमणार असेल तर तसं पहिल्यापासून सांगा, ते चालतं.

– मंडळातली एक ताई

---

ताईंनी छान लिहिलंय. त्यात एक भर घालतो. डीबीएसला भारतातली पोलीस नोंद दिसत नाही. गेल्या काही वर्षांत भारतात बराच काळ राहिला असाल तर क्लब तिथलं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट मागू शकतो. त्याला वेळ लागतो, तेव्हा आधीच विचारून घ्या. फॉर्ममध्ये मागच्या पाच वर्षांचे सगळे पत्ते लागतात, मधला एखादा महिनाही सुटू देऊ नका.

– एक सभासद

---

ताई, मनापासून आभार. तपासणीबद्दलची माझी अढी गेली. पण आजीचा प्रसंग वाचून नवा प्रश्न पडला. उद्या एखाद्या मुलाने मला घरी मार बसतो असं सांगितलं, आणि वर 'कोणाला सांगू नका' म्हणाला, तर? विश्वासाने सांगितलेलं दुसऱ्याला कसं सांगायचं? आणि कुटुंब ओळखीचं निघालं तर मी आधी वडिलांशी बोलून पाहावं का?

---

काका, नाही. वडिलांशी बोलायचं नाही, आईशीही नाही. तुमचा हेतू चांगला आहे हे मला माहीत आहे. चार समजुतीच्या गोष्टी सांगून घर सावरावं ही आपल्याकडची रीत आपल्या हाडात भिनलेली असते. पण तुम्ही घरातून बाहेर पडल्यावर ते मूल त्याच घरात, त्याच माणसांबरोबर असतं, आणि त्याने बाहेर सांगितलं हे आता त्यांना कळलेलं असतं. ओळखीचं कुटुंब असेल तर हा मोह जास्त होईल, म्हणून तिथे जास्त जपायचं.

गुपित ठेवण्याचं वचन कधीच द्यायचं नाही. प्रशिक्षणात हे सांगतीलच, तरी आत्तापासून मनात पक्कं करा. मूल म्हणालं 'कोणाला सांगणार नाही ना?' तर शांतपणे म्हणायचं, 'तू सांगितलंस ते फार बरं केलंस. तुला मदत करू शकेल अशा माणसाला मात्र मला हे सांगावं लागेल.' हे ऐकून एखादं मूल गप्प होतं. होऊ द्यावं. खोटं वचन मोडलं तर ते पुन्हा कुठल्याच मोठ्या माणसाला काही सांगणार नाही.

ऐकताना उलटतपासणी करायची नाही. 'बाबांनी मारलं का?' असं विचारलं तर उत्तर आपणच त्याच्या तोंडात घातल्यासारखं होतं, आणि पुढे चौकशीत ते मुलाच्याच विरोधात जाऊ शकतं. 'पुढे काय झालं?' एवढं पुरे. मग त्याच संध्याकाळी, घरी जायच्या आधी, मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहायचे, तारीख-वेळ घालून सही करायची आणि क्लबच्या सेफगार्डिंग लीडकडे, म्हणजे मुलांच्या सुरक्षेची जबाबदारी असलेल्या व्यक्तीकडे, द्यायचे. प्रत्येक क्लबमध्ये ही व्यक्ती ठरलेली असते, पहिल्याच दिवशी ओळख करून घ्या. पुढे कोणाला कळवायचं ते ती ठरवते. मूल त्याच क्षणी धोक्यात असेल तर मात्र थेट ९९९ या आणीबाणीच्या नंबरवर फोन. आणि चाइल्डलाइन या मुलांसाठीच्या मदत-फोनचा ०८०० ११११ हा नंबर क्लबच्या भिंतीवर आहे ना, तेही बघून ठेवा. मुलांना तो स्वतः फिरवता येतो, पैसे पडत नाहीत.

हे वाचून घाबरू नका. बहुतेक संध्याकाळी चेंडू शोधणं, भांडण सोडवणं आणि हरलेल्या मुलाशेजारी बसणं एवढंच असतं. शिफारशीसाठी माझं नाव खुशाल घाला. आपली ओळख जुनी आहे आणि मंडळात मुलांशी तुम्ही कसे वागता हे मी पाहिलं आहे. क्लबकडून पत्र आलं की त्याच दिवशी उत्तर पाठवते.

– ताई