ट्रान्सपोर्टर ऐकत नाहीत की घोळ आपल्याच कंपनीत आहे?

चाकण_डिस्पॅच:
मी चाकणला एका ऑटो पार्टच्या कंपनीत डिस्पॅच बघतो. होसूर, चेन्नईच्या गाड्या आणि न्हावाशेवाचे कंटेनर. मागच्या वर्षी ट्रान्सपोर्टरसाठी पोर्टल आणलं, जीपीएस जोडलं, तरी इंडेंट (गाडीची मागणी) टाकल्यावर गाडी वेळेवर लागत नाही, फोन केला की "निघालीय साहेब" एवढंच. साहेब म्हणतात ट्रान्सपोर्टर बदला. मला वाटतं मूळ आमच्यातच आहे, परचेसला भाडं पाडायचं टार्गेट, मला गाडी वेळेवर काढायचं आणि अकाउंट्सला पेमेंट लांबवायचं. कुणी हे आतून सुधारलंय का?

गाडीमालक:
बरोबर ओळखलंत. एका कंपनीच्या गेटवर माझी गाडी सकाळी नऊला लागली, तर मालाचं क्यूसीच, म्हणजे तपासणीच, झालेली नाही, ड्रायव्हरने गाडीच्या आडोशाला स्टोव्ह पेटवून भात शिजवला, लोडिंग रात्री आठला. हाल्टिंग, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे, मागितलं तर डिस्पॅच म्हणतं परचेसशी बोला, परचेस म्हणतं काँट्रॅक्टमध्ये नाही. वर पीओडीवरचा (माल पोचल्याच्या पावतीवरचा) शिक्का पुसट म्हणून बिल दोन महिने अडकलं. मग मी गाडी आधी कुठे लावणार, जिथे दोन तासांत मोकळी होते तिथेच ना? आणि जीपीएस तुम्ही उशिराचा दंड कापायलाच बघता, गेटवर गाडी किती तास उभी होती ते त्याच जीपीएसवर दिसतं, ते कुणी बघत नाही.

प्लॅनिंगवाली:
महिनाअखेर बघा आधी. आमच्याकडे सेल दाखवायला ३१ तारखेला रात्री बिलं फाडायचे, ई-वे बिलात (माल रस्त्याने न्यायला लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) गाडी नंबर टाकला की मुदत सुरू, २०० किमीला एक दिवस, आणि गाडी आपली आवारातच उभी! रस्त्यात मुदत संपली की त्रास ड्रायव्हरला. आम्ही गेटवरच्या थांबण्याचे तास परचेसच्या रिपोर्टमध्ये टाकायला लावले, तेव्हा कुठे स्वस्त भाडं किती महाग पडतं ते त्यांना दिसलं, आणि हाल्टिंग काँट्रॅक्टमध्ये आलं. पीओडी स्कॅन कॉपीवर घ्यायला लागलो. अकाउंट्स तरी अडून बसले होते, ते आयकराच्या ४३बी(एच) कलमामुळे हलले, उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या छोट्या ट्रान्सपोर्टरचं पेमेंट ४५ दिवसांच्या पुढे गेलं तर तो खर्च ज्या वर्षी पैसे देऊ त्याच वर्षी धरता येतो. यात प्लँट हेड स्वतः बसले म्हणून झालं, खालून मी कितीही मेल टाकले असते तरी नसतं झालं.

चाकण_डिस्पॅच:
गेट रजिस्टर मागवलंय, मागच्या महिन्याचे इन-आउट टाइम एक्सेलमध्ये भरतोय. सोमवारी परचेसला सोबत घेऊनच प्लँट हेडकडे जातो.