झीरो ए.डी.च्या मेनूमागे स्वतःचं चित्र: झावळ्यांना पांढरी कड

प्रश्न: झीरो ए.डी. या प्राचीन काळातल्या डावपेचांच्या कॉम्प्युटर गेममधले मौर्य मला फार जवळचे. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ मध्ये आमच्या सोपाऱ्यातच सापडला. म्हणून मेनूमागे सोपाऱ्याची खाडी रंगवली. मेनूमागे हळूहळू सरकणारे तीन थर आहेत: आकाश, गलबतांसह पाणी आणि पुढे ताड. पण प्रत्येक झावळीला पांढरी कड दिसते, आणि आकाश सरकलं की जोड उघडा पडतो. आठवडाभर अडकलोय.

उत्तर: पांढऱ्या कॅनव्हासवर रंगवून नंतर पांढरं खोडलंस ना? कडेच्या पिक्सेलमध्ये ते उरतंच. गिंप या चित्र काढायच्या प्रोग्रॅममध्ये पारदर्शक थरावरच रंगव, नाहीतर निवडलेला रंग पारदर्शक करणारं ‘कलर टू अल्फा’ वापर. फाइल पीएनजीच ठेव. जेपीजीत पारदर्शकता टिकत नाही.

उत्तर: जोडासाठी आकाश अर्ध्या रुंदीने ऑफसेट कर, म्हणजे एका कडेने बाहेर गेलेला भाग दुसऱ्या कडेने आत येईल असं सरकव. शिवण मधोमध येईल, तिच्यावर ढग काढ. थर किती सरकायचा ते मेनूमागच्या चित्राच्या जावास्क्रिप्ट फाइलीत प्रत्येकाला वेगळं देता येतं. आकाश कमी सरकव, ताड जास्त, म्हणजे खोली जाणवते.

प्रश्नकर्ता: ढगाने काम केलं, शिवण गेली! ताड मात्र सगळे नव्याने काढले, झावळी-झावळी करत. गलबतं त्यांच्यामागून सरकतात तेव्हा डोळे हटत नाहीत. दोघांचेही मनापासून आभार.