अनुभव धागा: सोमवार ते शनिवार आज्ञेत राहणं

सलाम मंडळी. 'विश्वासू राहा' हे दर रविवारी चर्चमध्ये ऐकतोच. आठवडाभर ते कसं जमवायचं, ते इथे लिहा. साक्ष (देवाने माझ्यासाठी काय केलं, ते) नको, पद्धत सांगा, आणि कुठे बिनसतं तेही.

नगरी_पाठक
वाचनाचं सांगतो. पवित्र शास्त्रात (बायबलात) ११८९ अध्याय आहेत. रोज ३ आणि रविवारी ५ वाचले की वर्षात होतात. पण नव्या माणसाने या फंदात पडू नये. उत्पत्ती, निर्गम भराभर सरतात, जानेवारीअखेर लेवीय हे तिसरं पुस्तक येतं आणि होमार्पणांच्या नियमांत गाडी रुतते. त्यापेक्षा नवा करार, म्हणजे येशूपासूनचा भाग, घ्या. २६० अध्याय, सोमवार ते शुक्रवार रोज एक, बरोबर ५२ आठवडे. शनिवार राहिलेल्या अध्यायांसाठी मोकळा ठेवा.

दुकानदार
दशांश, म्हणजे देवासाठी कमाईचा दहावा भाग, पगार जमा झाल्या दिवशीच काढायचा. उरलं तर देऊ म्हणणाऱ्याचं कधी उरत नाही. धंदेवाल्यांचा घोळ वेगळा, ते गल्ला मोजतात, मोजायचा असतो नफा. ४०,००० ची विक्री, त्यात माल २८,०००, भाडं-वीज ४,०००; हाती ८,०००, दशांश ८००. चर्चमधल्या कापणीच्या सणाच्या लिलावात ईर्ष्येने चढवलेली बोली यात धरू नका, कृपा करून.

बँकवाली
खरी परीक्षा ऑफिसातल्या सत्यनारायणाची. करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय ८ आणि १०, सलग वाचा. ते लिहिणाऱ्या पौलाचं म्हणणं: कुणी जेवायला बोलावलं तर पुढे वाढलेलं चौकशी न करता खा, पण 'हा नैवेद्य आहे' असं कुणी सांगितलं, तर सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. दिवाळीत शेजारच्या काकूंनी दिलेली चकली आणि पूजेचा शिरा यांत म्हणूनच फरक पडतो. (फराळाचा आधी नैवेद्य दाखवतात का, हे उकरून विचारू नये.)

शिऱ्याचा द्रोण हातात आल्यावर नाही म्हटलं की समोरच्याचा अपमान होतो. आदल्या दिवशी व्यवस्था बघणाऱ्याला बाजूला घेऊन सांगावं: 'दादा, मी प्रसाद घेत नाही, पण जेवायला आहे.' शुगर आहे, उपवास आहे, असली कारणं देऊ नयेत. पुढच्या महिन्यात कुणाच्या तरी वाढदिवसाच्या केकवर ती उघडी पडतात, आणि खोटं बोलणं हाही आज्ञाभंगच. खुर्च्या मांडायला, पंगतीत वाढायला मात्र पुढे असावं. नाहीतर नकार तुसडेपणाच वाटतो.

वसईकर
आम्हा कॅथलिकांत राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, १८ ते ५९ वयाला उपवास: एक पूर्ण जेवण आणि दोन हलकी, ती दोन मिळून एका जेवणाएवढी होता कामा नयेत. मांस वर्ज्य १४ व्या वर्षापासून. मासळी चालते, म्हणून त्या दिवशी पापलेटवर ताव मारणारेही आहेत! जपमाळ जेवणाआधी ठेवा. नंतर ठेवली की दुसऱ्या दशकातच (दहा मण्यांच्या फेरीतच) पोरं पेंगतात.

मंडळीचा_सेक्रेटरी
भांडणाचा क्रम मत्तय १८:१५ पासून दिलाय: आधी त्याला एकट्याला गाठा, मग एक-दोघांना घेऊन जा, मग मंडळीला, म्हणजे चर्चच्या सभासदांना, कळवा. आपल्याकडे आधी व्हॉट्सॲप गट, मग पाळकसाहेब, आणि ज्याचं त्याला सगळ्यात शेवटी कळतं. प्रभुभोजनाच्या (चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीच्या) सकाळी चर्चच्या दारात उभं राहून उरकलेला समेट टिकत नाही. आठवडाभर आधी घरी जा, एकटे. आणि माफीच्या वाक्यात 'पण' घालू नका.