जिला संपायचं कळतं, तीच मालिका पाहावी

वाळ्याची ताटी

मे महिन्यात नागपुरात दुपारी बारा ते पाच घराबाहेर पाय टाकायची सोय नसते. पारा ४५ च्या आसपास. कुलर लावायचा, ताट्यांवर पाणी मारायचं आणि काहीतरी पाहत बसायचं. पुण्याहून भाची आली आहे, तिनं विचारलं, "मामा, पाहण्यासारखं काय आहे?" त्यावरून घरात वाद झाला, तोच इथे मांडतो. तुम्हीही खाली लिहा.

माझी कसोटी एकच. गोष्ट सुरू करतानाच लिहिणाऱ्याला शेवट ठाऊक होता का? म्हणून माझ्या यादीत पहिलं नाव 'मालगुडी डेज'. शंकर नाग यांनी कर्नाटकातल्या आगुंबे गावात चित्रित केलेली, १९८६-८७ ची. बहुतेक गोष्टी एका बैठकीत संपतात आणि दिवसभर डोक्यात राहतात. दुसरी, गोविंद निहलानींची 'तमस' (१९८८). सुरुवातीलाच ओम पुरींचा नथ्थू एका अंधाऱ्या कोठडीत डुकराशी झटत असतो. त्याला दम लागतो, हात घसरतो, ते जनावर काही मरत नाही. बराच वेळ आपण तेवढंच पाहतो. पुढे तेच डुक्कर मशिदीच्या पायरीवर सापडतं आणि शहर पेटतं, तेव्हा त्या झटापटीचा अर्थ कळतो. तिसरी 'स्कॅम १९९२'. हर्षद मेहताचं शेवटी काय झालं हे पेपर वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं, तरी दहा भाग मी दोन रात्रींत पाहिले.

मराठीत 'असंभव' आणि 'अग्निहोत्र'. दोन्ही सतीश राजवाडेंच्या, दोन्ही रोजच्या, पण गोष्ट कुठे जाऊन थांबणार हे ठरलेलं होतं. बाकी रोजच्या मालिकांना माझा विरोध आहे. आठवड्याला सहा भाग, दर गुरुवारी टीआरपीचे आकडे, आणि त्या आकड्यांप्रमाणे वळणारी गोष्ट. 'चार दिवस सासूचे'चे तीन हजारांवर भाग झाले. एवढं लांबवल्यावर माणसं माणसांसारखी वागणंच बंद होतं.

महालातली सून

दादा, तुमची यादी चांगली आहे, पण कसोटी पटली नाही.

माझ्या सासूबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. २०१६ च्या पावसाळ्यात त्या ओट्यावर मेथी निवडत होत्या आणि आत टीव्हीवर 'माझ्या नवऱ्याची बायको' नुकती सुरू झाली होती. राधिकाचं एक वाक्य कानावर पडलं आणि त्यांचा हात थांबला. जुडी तशीच हातात. म्हणाल्या, "अवं, हे तं आपल्यासारखी बोलते वो." मग मेथी सूपात ठेवून आत येऊन बसल्या. तोवर मालिकेतली बाई पुण्याचं नाहीतर मुंबईचं बोलायची. आपल्याकडचं बोलणारा म्हणजे गडी, नाहीतर हसवायला आणलेलं पात्र. राधिका नागपूरची होती आणि नायिका होती. नवऱ्यानं फसवलं तर मसाल्याचा धंदा उभा केला तिनं.

२०१८ मध्ये सासरे गेले. संध्याकाळ झाली की घर खायला उठायचं. त्या दिवसांत सासूबाईंना कोणी आधार दिला असेल तर या रोज येणाऱ्या मालिकेनं. उद्या परत भेटायचं आहे एवढं पुरायचं त्यांना. तुमची दहा भागांची मालिका दोन रात्रींत संपते. तिसऱ्या रात्री त्या बाईनं काय करावं?

तर्री पोहे

ताई, सासूबाईंना आधार मिळाला याला माझा नमस्कार. पण राधिका आपल्यासारखी बोलायची हे मला मान्य नाही.

वाक्याच्या शेवटी 'नं' आणि 'जी' लावलं की नागपुरी होत नाही. वऱ्हाडी वेगळी, नागपुरी वेगळी, भंडारा-गडचिरोलीकडची झाडी त्याहून वेगळी. नागपुरात बोलताना हिंदी आपोआप येऊन मिसळते. "मी येऊन राह्यलो नं भाऊ, काऊन घाई करून राह्यला" हे सीताबर्डीच्या बाजारात कोणीही बोलेल, आणि त्यात विनोद नसतो. मालिकेत तेच बोलणं गोडमिट्ट करून ठेवलं होतं.

दुसरी गोष्ट मला जास्त लागते. 'तुझ्यात जीव रंगला'मध्ये कोल्हापूर दिसलं, 'लागिरं झालं जी'मध्ये सातारा दिसला, 'रात्रीस खेळ चाले'मध्ये कोकणातलं घर, अंगण, मालवणी सगळं आलं. राधिकाचा संसार मात्र मुंबईकडचा. नागपूर तिचं नुसतं माहेर.

महालातली सून

तुमचं म्हणणं मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणतात, "माहेर नुसतं असते का रे बाप्पा?"

कोर्टाजवळचा

नागपूर दिसलं नाही असं कसं म्हणता? 'इंडियन प्रिडेटर: मर्डर इन अ कोर्टरूम' पाहा. २०२२ ची, नेटफ्लिक्सवर, तीनच भाग. १३ ऑगस्ट २००४ ला आपल्या जिल्हा न्यायालयात कस्तुरबा नगरच्या जमावानं अक्कू यादवला मारलं, त्या घटनेवर आहे. दिग्दर्शक उमेश विनायक कुलकर्णी, 'वळू' आणि 'देऊळ'वाले.

मी तेव्हा कॉलेजात होतो. शहरात आठवडाभर दुसरा विषय नव्हता, पण बोलणं सगळं मारण्याबद्दल. त्याआधी वर्षानुवर्षं त्या वस्तीतल्या बायांनी काय सोसलं, तक्रार घेऊन गेलेल्यांचं काय झालं, हे मी नीट ऐकलं ते या मालिकेत, अठरा वर्षांनी. पाहवत नाही, पण पाहावं. आणि वाळ्याची ताटी यांची कसोटीही इथे लागू पडते, कारण चौथ्या भागाचा मोह आवरलेला आहे.

मानेवाडा रिंग रोड

मालिका प्रामाणिक आहे, मीही पाहिली. पण ही शिफारस वाचून वाईट वाटलं. नागपूरवर मालिका कोणती, तर खुनाची. मराठवाड्यावर कोणती, तर 'मानवत मर्डर्स'. आशुतोष गोवारीकरांचं काम त्यात उत्तम आहे, आठ भाग घट्ट बांधलेले आहेत, तरी प्रश्न राहतोच. विदर्भ-मराठवाड्यात कॅमेरा येतो तो रक्त सांडल्यावरच का?

मला पाहायचं आहे ते वेगळं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, इतवारीत पाय ठेवायला जागा नसते, "इडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणून लोक ओरडतात. त्या गल्लीत एक घर असावं. तान्ह्या पोळ्याला पोराचा लाकडी बैल कोणी आणायचा यावरून दोन भावांत अबोला असावा. एवढ्यावर सहा भाग सहज होतील. 'पंचायत'नं हेच केलं ना? उत्तर प्रदेशातल्या बलिया जिल्ह्यातलं फुलेरा म्हणून दाखवलेलं गाव मुळात मध्य प्रदेशातल्या सिहोरजवळचं महोडिया, आपल्या शेजारच्या राज्यातलं. पहिल्या सीझनमध्ये पंचायतीच्या सचिवजींनी ऑफिसातली चाकं लावलेली खुर्ची आणली आणि ती प्रधानजींच्या खुर्चीपेक्षा उंच, एवढ्यावर एक अख्खा भाग उभा आहे. कोणी मरत नाही, कोणी कट रचत नाही.

भाची, पुण्याची

मामाच्या घरून लिहितेय. 'पंचायत' मलाही आवडते, पण मामाची कसोटी तिलाच लावा. दुसरा सीझन (२०२२) संपतो तो गावच्या उपप्रधानाच्या, प्रल्हादचाच्याच्या, मुलाच्या मृत्यूवर. रिकाम्या घरात तो एकटा बसलेला असतो आणि आपल्याला काही सुचत नाही. तिथेच थांबायला हवं होतं. २०२४ आणि २०२५ च्या सीझनमध्ये निवडणूक आणि भांडणं वाढत गेली, गाव मागे पडलं.

मानेवाडा रिंग रोड

नाही पटत. गावात निवडणूक आली की गाव तसंच होतं. माझं आजोळ खेड्यातलं आहे, मतदानाच्या महिन्यात सख्खे शेजारी एकमेकांच्या विहिरीवर जात नाहीत. चौथा सीझन कडू आहे, पण खोटा नाही.

वाळ्याची ताटी

भाचीनं मला माझ्याच घरात पकडलं, ठीक.

महालातल्या ताईंच्या तिसऱ्या रात्रीच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. काल दुपारी 'मालगुडी'तला स्वामीचा एक भाग लावला. माझी आई शेवटपर्यंत बसली. दुसरा लावू लागलो तर म्हणाली, "आता नको, उद्या लाव." एकदम संपवून टाकायची सवय माझी आहे, तिची नाही. गोष्टीला शेवट हवाच, हे मी सोडत नाही. पण त्या शेवटाकडे रोज थोडं थोडं जायचं सुख मी विसरलो होतो.

महालातली सून

मग सासूबाईंना काय लावू? हिंदी त्यांना अर्धीच कळते. खून नको, भूत नको.

वाळ्याची ताटी

'असंभव' मग बाद. 'अग्निहोत्र' लावा. जुना वाडा, एका घराण्याचे आठ गणपती आणि त्यांच्या मागचं गूढ. मोहन आगाशे आहेत, विनय आपटे आहेत. रोज एकच भाग, मेथी निवडून झाल्यावर.