जिम्नीला उंचीच्या स्प्रिंगा घरच्या अंगणात बसवाव्यात का?

कुळागरकार, वाळपई

नमस्कार. माझ्याकडे २०२३ सालची मारुती सुझुकीची पाच दारांची जिम्नी आहे. आमचे कुळागर (नारळ-सुपारीची बाग) सत्तरीत डोंगराच्या पायथ्याशी असून तिथे जाणारी शेवटची दीड किलोमीटरची वाट पूर्ण कच्ची आहे. मध्ये एक व्हाळ (ओढा) ओलांडावा लागतो आणि पलीकडच्या चढणीवर जांभ्या दगडाचा असा एक उंचवटा आहे की, पुढची चाके त्यावरून पार झाली की गाडीचा मधला भाग दगडाला घासतो. पावसात वाट धुपली की हे जवळजवळ रोज होते आणि पोटाखालच्या पत्र्याला आतापर्यंत दोन पोचे आलेले आहेत.

यावर उपाय म्हणून मी गाडी ५० मिलिमीटरने उचलणाऱ्या चार स्प्रिंगा आणून ठेवल्या आहेत. शॉकअब्सॉर्बर मूळचेच ठेवण्याचा विचार आहे. एका गॅरेजमध्ये विचारले असता, स्प्रिंगा बदलल्या की काम झाले, बाकी कशालाही हात लावावा लागत नाही, असे मला सांगण्यात आले. परंतु एवढ्या ठामपणे दिलेले उत्तर ऐकून मन निश्चिंत होण्याऐवजी साशंकच झाले. माझा चुलतभाऊ पंपांची दुरुस्ती करतो, त्याच्याकडे पान्यांचा पूर्ण संच आहे आणि दोन टनांचा ट्रॉली जॅकही आहे. हे काम आम्ही दोघे अंगणात करू शकू का? स्प्रिंग दाबून धरणारे साधन लागेल का? स्प्रिंगांबरोबर आणखी काय बदलावे लागते? गाडीत माझे ७२ वर्षांचे वडीलही नेहमी बसतात, त्यामुळे घाईने काहीही करायचे नाही.

निवृत्त निदेशक, फोंडा

आपण काम सुरू करण्यापूर्वी विचारले, याचे मला समाधान वाटले. मी अनेक वर्षे मुलांना वाहनदुरुस्ती शिकवली आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

प्रथम, स्प्रिंग नक्की काय उचलते ते पाहू. जिम्नीला पुढे आणि मागे अखंड ॲक्सल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा एकसंध आडवा दांडा, आहे. स्प्रिंग ॲक्सल आणि चासी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) यांच्यामध्ये बसते. म्हणून ती लांब केली की चासी आणि बॉडी वर जाते, ॲक्सल मात्र जिथे होता तिथेच राहतो. कंपनी २१० मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासूनची मोकळी जागा) सांगते, पण डिफरन्शियलखालची, म्हणजे ॲक्सलवरच्या गिअरांच्या फुगीर भागाखालची जागा स्प्रिंगेने एका मिलिमीटरनेही वाढत नाही. ती वाढवायची तर मोठे टायरच हवेत, आणि तिथेही लाभ थोडाच असतो: मूळच्या १९५/८० आर १५ ऐवजी २१५/७५ आर १५ घातले तर व्यास सुमारे १० मिलिमीटरने वाढतो, म्हणजे ॲक्सल जेमतेम ५ मिलिमीटर वर येतो.

आपली अडचण मात्र वेगळी आहे. दोन चाकांच्या मधले पोट टेकते आहे आणि तिथे उंच स्प्रिंगेचा खरोखर उपयोग होतो. पाच दारांच्या जिम्नीचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर) २,५९० मिलिमीटर, म्हणजे तीन दारांच्या गाडीपेक्षा ३४० मिलिमीटरने अधिक आहे, आणि पोट टेकण्याचे मूळ कारण हेच आहे. उंचवटा पार करण्याचा तिचा कोन २४ अंशांचा सांगितला जातो. ढोबळ भूमितीने पाहिले तर ५० मिलिमीटर उचलल्यावर तो २८ अंशांच्या आसपास जातो. आपल्या दगडाचे माप घेऊन एवढ्याने भागते का ते आधी पाहा.

आता बाकी काहीच बदलावे लागत नाही या विधानाविषयी. ते बरोबर नाही. पुढचा ॲक्सल ज्या दोन लांब आर्मनी चासीला जोडलेला असतो, त्यांचे मागचे टोक चासीबरोबर वर जाते आणि त्यामुळे अख्खा ॲक्सल किंचित पुढच्या बाजूला कलंडतो. याचा परिणाम कॅस्टरवर होतो. सायकलचा पुढचा चिमटा जसा तिरका असतो, आणि त्या तिरकेपणामुळे हँडल आपोआप सरळ होऊ पाहते, तोच हा कोन. उदाहरणादाखल आर्म ८० सेंटीमीटर लांब धरला, तर ५० मिलिमीटरच्या उचलीने हा कोन सुमारे साडेतीन अंशांनी बदलतो. हा बदल लहान नव्हे. अशी गाडी महामार्गावर इकडेतिकडे भरकटते आणि वळण संपल्यावर स्टीयरिंग स्वतःहून सरळ होत नाही. यासाठी आर्मच्या टोकाला केंद्र सरकवलेले कॅस्टर बुश (बुश म्हणजे सांध्यातले रबरी नळकांडे) बसवावे लागतात. ते हायड्रॉलिक प्रेसवर दाबून बसवायचे असतात, हातोड्याने ठोकून नव्हे. म्हणून एवढे काम कार्यशाळेतच करून घ्यावे.

दुसरा भाग म्हणजे ॲक्सलला आडवा धरून ठेवणारा लॅटरल रॉड. त्याचे एक टोक चासीला आणि दुसरे ॲक्सलला असते. चासी वर गेली की रॉड अधिक तिरका होतो आणि ॲक्सल काही मिलिमीटर एका बाजूला सरकतो. पुढे आणि मागे हा सरक विरुद्ध बाजूंना असेल, तर मागून पाहणाऱ्याला गाडी तिरकी चालल्यासारखी दिसते. लांबी कमीजास्त करता येणारा रॉड घेतला की हा प्रश्न सुटतो.

तिसरी गोष्ट मूळच्या शॉकअब्सॉर्बरची. चाक खाली लोंबले की नवी स्प्रिंग पूर्ण उघडण्याच्या आधीच जुना शॉक आपल्या लांबीच्या टोकाला पोहोचतो आणि प्रत्येक खड्ड्यात आतून ठोका खातो. शॉक हे चाकाला रोखून धरणारे साखळदंड नव्हेत. दर पावसाळ्यात असा मार खाऊन ते लवकरच गळू लागतील. ५० मिलिमीटरसाठी त्याच मापाचे लांब शॉक घ्यावेत, हे माझे स्पष्ट मत आहे.

अंगणात काम करता येते का, याचे उत्तर होय असे आहे, कारण ॲक्सल पुरेसा खाली सोडला की स्प्रिंग जवळजवळ मोकळी होते आणि दाबयंत्राशिवाय हाताने निघते. २०२० नंतरच्या महिंद्रा थारच्या पुढच्या बाजूस हे लागू नाही. तिथे स्प्रिंग शॉकवरच दाबून बसवलेली असते आणि ती घरी उघडणे जिवावर बेतू शकते.

जमीन कठीण आणि सपाट असावी. मागचे काम असेल तर पुढच्या चाकांना आणि पुढचे असेल तर मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत. नट सैल करून मगच गाडी उचलावी आणि घोड्या (भार पेलणारे लोखंडी स्टँड) चासीखाली द्याव्यात, ॲक्सलखाली नव्हे, कारण ॲक्सल आपल्याला खाली सोडायचा आहे. पुढचे काम करताना घोड्या आर्मच्या मागच्या टोकांच्याही मागे असाव्यात. ट्रॉली जॅक ॲक्सलखाली ठेवून त्याचा भार पेलावा. त्यानंतर स्टॅबिलायझरच्या (वळणावर गाडीचे कलणे कमी करणाऱ्या दांड्याच्या) लिंका, शॉकचे खालचे बोल्ट आणि लॅटरल रॉडचे एक टोक सोडावे, आणि जॅक अतिशय हळू उतरवावा. त्या वेळी दुसऱ्या माणसाने फक्त ब्रेकच्या रबरी नळीवर आणि एबीएसच्या तारेवर नजर ठेवावी. त्यांना ताण येण्याआधीच त्यांचे कंस चासीवरून सोडून घ्यावेत. ॲक्सल नळीवर लोंबू देणे ही या कामातली सर्वांत वाईट चूक आहे, कारण नळी बाहेरून शाबूत दिसते आणि आतून फाटलेली असते.

नवी स्प्रिंग बसवताना रबरी बैठक जुन्या जागी बसली आहे आणि तारेचे टोक बैठकीच्या खाचेला टेकले आहे, हे बोटाने चाचपून पाहावे. काही संचांत डाव्या आणि उजव्या स्प्रिंगा वेगळ्या असतात. त्यांवरच्या खुणा वाचल्याशिवाय एकही बसवू नये.

थारवाला, सांगे

मास्तरांनी लिहिलेल्या प्रत्येक शब्दाशी सहमत आहे. माझ्या अनुभवातील दोन गोष्टी सांगतो.

आपल्याकडे घरोघरी चिरे (जांभ्याचे ठोकळे) पडलेले असतात आणि घोडी कमी पडली की हात आपसूक चिऱ्याकडे जातो. कृपया तसे करू नका. माझ्या शेजारच्या अंगणात चिऱ्यांच्या ढिगावर पेललेली गाडी मी खाली येताना पाहिली आहे. सुदैवाने त्या क्षणी खाली कोणी नव्हते. भिंतीत चिऱ्यावर भार सगळीकडून सारखा येतो, परंतु चासीची कड एका अरुंद रेषेवर दाबते आणि सच्छिद्र जांभा कसलीही सूचना न देता दुभंगतो. तुमची रिकामी गाडीसुद्धा जवळपास १,२०० किलो वजनाची आहे. पावसानंतरच्या तांबड्या मातीत घोडीचे पायही रुततात, म्हणून त्यांच्याखाली जाड प्लायवुडचे रुंद तुकडे द्या, आणि काढलेली चाके आडवी करून चासीखाली सरकवून ठेवा.

दुसरी चूक माझी स्वतःची आहे. माझी जुनी थार २०१६ सालची, मागे पाट्यांची. नवे पाटे बसवताना मी शॅकलचे (पाट्याचे टोक चासीला जोडणाऱ्या कडीचे) बोल्ट चाके जमिनीवर येण्याची वाट न पाहता, गाडी घोडीवर असतानाच पूर्ण आवळले. चाके जमिनीवर आल्यावर सगळे रबरी बुश पिळलेल्या अवस्थेतच अडकून राहिले, गाडी अपेक्षेपेक्षा ताठ झाली, आणि अनमोड घाटाच्या चार फेऱ्यांत करकर सुरू झाली. सहा महिन्यांत बुश फाटले. त्या खर्चापेक्षा अधिक वाईट याचे वाटले की, आधी कोणाला विचारले असते तर हे टळले असते.

विमा सर्वेक्षक, म्हापसा

कामाच्या पद्धतीविषयी मी बोलणार नाही. कायद्याची बाजू मात्र कोणीच मांडलेली नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही भूमिका कडकपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार, परवानगी नसलेल्या बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात.

म्हणून माझी विनंती अशी आहे की, स्प्रिंगांचा तपशील जोडून वाहतूक खात्याच्या सहायक संचालकांच्या कार्यालयात लेखी विचारणा करावी आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावे. अपघातानंतर हा बदल उघड झाला तर दाव्यावर वाद उभा राहतो, आणि त्या वेळी गाडीत कोण बसले होते याचा विचार केला तर हा केवळ पैशांचा प्रश्न राहत नाही.

कुळागरकार, वाळपई

सर्वांचा मनापासून आभारी आहे. काल दगडाचे माप घेतले: गाडी सध्या जिथे टेकते तिथे अडथळा ३० ते ३५ मिलिमीटरचा आहे, म्हणजे ५० मिलिमीटरची उचल पुरेशी ठरावी. लांब शॉक, कॅस्टर बुश आणि लांबी बदलणारे दोन लॅटरल रॉड यांचीही किंमत काढली. सगळे मिळून स्प्रिंगांपेक्षा बरेच जास्त होते. मूळच्या हिशेबात हे कोणीही धरले नव्हते. कार्यालयात अर्ज दिला आहे. उत्तर येईपर्यंत स्प्रिंगा खोक्यातच राहतील, आणि तोवर वडिलांच्या सूचनेनुसार त्या उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना खडी आणि माती भरून चढ सौम्य करतो आहोत.

मास्तर, एक शंका उरली आहे. बुश चाके जमिनीवर असताना आवळायचे, तर गाडीखाली हात कसा पोहोचणार? आणि लॅटरल रॉडची लांबी नेमकी कधी ठरवायची?

निवृत्त निदेशक, फोंडा

वाटेची डागडुजी ही उत्तम सुरुवात आहे, आणि ती करून झाल्यावर पुन्हा एकदा माप घ्या. कदाचित ३० किंवा ४० मिलिमीटरच्या स्प्रिंगा पुरतील आणि कॅस्टरचा बदलही त्याच प्रमाणात कमी होईल.

बुशांविषयी: घोडीवर असताना बोल्ट फक्त हाताने बसतील एवढेच आवळावेत. मग चाके लावून गाडी जमिनीवर उतरवावी, चारही कोपरे बंपरवरून दाबून सोडावेत आणि गाडी अंगणातच काही फूट पुढेमागे करावी, म्हणजे सस्पेन्शन आपल्या जागी बसते. जिम्नीखाली सरपटत जाता येते. जागा अपुरी वाटली तर चारही चाकांखाली सारख्या जाडीच्या रुंद फळ्या द्याव्यात, ठोकळे लावावेत, आणि टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) सर्व्हिस मॅन्युअलमधील आकड्याप्रमाणे आवळावे.

लॅटरल रॉडही याच अवस्थेत ठरवायचा असतो. चाकाच्या कमानीच्या बाहेरच्या कडेवरून दोन्ही बाजूंना ओळंबा सोडावा आणि दोरीपासून टायरच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे. दोन्ही बाजूंचा फरक पाच मिलिमीटर असेल, तर ॲक्सल अडीच मिलिमीटर सरकलेला आहे. तेवढीच रॉडची लांबी बदलून पुन्हा मोजावे. पुढचा रॉड बसवल्यावर सरळ रस्त्यावर स्टीयरिंग तिरके राहिले, तर ते ड्रॅग लिंकवर (स्टीयरिंगची हालचाल चाकांकडे नेणाऱ्या दांड्यावर) सरळ करावे, स्टीयरिंग काढून पुन्हा बसवून नव्हे. कारण स्थिरता सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा स्टीयरिंगचा कोन वाचत असते आणि चाके सरळ असताना तिला वळण दिसले, तर ती भलत्या वेळी ब्रेक लावू शकते.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सर्व बोल्ट पुन्हा तपासावेत. स्प्रिंगा काही दिवसांत थोड्या बसतात, म्हणून चाकांचे अलाइनमेंट आणि हेडलाइटचा झोत त्यानंतर पाहावा. आजच एक काम करून ठेवा: गाडी सपाट जागी रिकामी उभी करून चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचे अंतर वहीत लिहा. ही मूळ मापे हाती नसतील, तर नंतर किती उचल मिळाली आणि ती दोन्ही बाजूंना सारखी आहे का, हे कोणालाही सांगता येणार नाही.