गोदामात १६ फुटांवर एलईडी बसवायचेत: शिडी चालेल की परांची आणू?

हळदवखार_सांगली
मार्केट यार्डाजवळ हळदीचं गोदाम आहे. जुने मेटल हॅलाइड दिवे काढून १०० वॉटचे १२ एलईडी हायबे (उंच छताला टांगायचे दिवे) लावायचेत. जमिनीपासून ट्रसचा (छताच्या लोखंडी सांगाड्याचा) खालचा अँगल १६ फुटांवर. शेजारच्या ऑफिसात स्लॅबला, १० फुटांवर, चार फुटी ट्यूबच्या ८ पट्ट्या. वायरमन परवान्याचा आहे, पण ॲल्युमिनियमची लांब शिडी आणतो आणि म्हणतो, "खाली धरायला एक पोरगा द्या, दिवसात उरकतो." कोबा घोटून गुळगुळीत झालाय, त्यावर हळदीची पूड. ऑफिसला इन्व्हर्टर आहे. परांचीचं भाडं खरंच लागतं का?

वायरमन_मिरज
ऑफिस आणि गोदाम ही दोन वेगळी कामं समजा.

ऑफिसला ६ फुटी घोडी (स्वतःच्या पायांवर उभी राहणारी दुमडती शिडी) पुरते. फायबरची घ्या, ॲल्युमिनियमची नको. वायरला हात लागला तर ॲल्युमिनियममधून करंट सरळ जमिनीत जातो. लाकडी असेल तर रंग दिलेली नको, रंगाखाली चीर दिसत नाही. घोडी पूर्ण उघडून मधल्या पट्ट्यांचं लॉक बसवायचं. मिटवून भिंतीला टेकवली की पायांचे रबर कडेवर उभे राहतात आणि घोडी सटकते, हा प्रकार सर्रास चालतो. वरच्या दोन पायऱ्यांवर उभं राहायचं नाही, आणि कमरेच्या पट्ट्याचं बक्कल दोन्ही दांड्यांच्या बाहेर जायला नको. एवढं वाकावं लागत असेल तर उतरा, घोडी सरकवा, परत चढा. कंटाळवाणं आहे, पण बरेच जण इथेच पडतात: शेवटचा स्क्रू हातभर लांब असतो आणि उतरायचा आळस येतो.

स्लॅबला भोक पाडताना ड्रिलचा जोर उलटा घोडीवर येतो. बिट सळईत अडकला की मशीन हात पिरगाळतं. साइड हँडल लावा आणि दोन्ही पाय एकाच पायरीवर घट्ट ठेवा. ट्यूबच्या पट्टीला ६ मिमीचं भोक आणि रावळप्लग (स्क्रू धरणारी प्लॅस्टिकची खुंटी) पुरे.

सेफ्टी_कुपवाड
गोदामात परांचीच. शिडी चढायला असते. तासन्‌तास दोन्ही हातांनी काम करायला नाही. वर हुक अडकवायचा, फिटिंग तोलायचं, वायर जोडायची, म्हणजे शिडी धरायला हातच उरत नाही.

चाकांची परांची घ्या, पाया किमान ४ फूट रुंद. मोकळ्या उभ्या परांचीची उंची पायाच्या अरुंद बाजूच्या तिपटीपेक्षा जास्त नको, म्हणजे ४ फुटांवर १२. तुम्हाला फळी १० फुटांवर लागेल, मग अँगल डोक्याच्या जरा वर येतो आणि हात आरामात पोचतो. फळ्या पूर्ण रुंदीभर हव्यात, चारही बाजूंनी कठडा मीटरभर उंच, मध्ये एक आडवी नळी, आणि कडेला उभी पट्टी, नाहीतर पाना खालच्या माणसाच्या डोक्यात. चढायचं आतल्या बाजूने. चारही चाकांचे ब्रेक लावल्याशिवाय कोणी वर नाही, आणि माणूस वर असताना परांची ढकलायची नाही. "दोनच फूट सरकव रे" असं वरून सांगितलं तरी नाही.

पोरगा खाली धरतो त्याबद्दल: टेकलेल्या शिडीचं वरचं टोक बाजूला घसरलं तर खालचा माणूस काही करू शकत नाही. नाइलाजाने शिडी लावायचीच असेल तर ४ ला १, म्हणजे १६ फुटांवर टेकत असेल तर पाय अँगलच्या बरोबर खालून ४ फूट पुढे, आणि वरचं टोक अँगलला दोरीने बांधलेलं. पण पूड असलेल्या कोब्यावर रबरी पायही सरकतात. आधी झाडून ओल्या फडक्याने पुसून घ्या, आणि वाळू द्या.

हार्नेसवर (अंगाला बांधायच्या सेफ्टी पट्ट्यावर) भिस्त ठेवू नका. दोर १.८ मीटरचा, वर शॉक ॲब्सॉर्बर (झटका शोषणारी घडी) उलगडला की आणखी पावणेदोन मीटरपर्यंत, शिवाय लोंबणारं शरीर वेगळं. हुक पायांजवळ अडकवला तर १० फुटांवरून माणूस दोर ताणायच्या आत जमिनीला लागतो. अडकवायचाच तर डोक्याच्या वर, ट्रसच्या मुख्य अँगलला, दोर आखूड करून. पर्लिनला (पत्र्याखालच्या आडव्या पट्टीला) किंवा केबल ट्रेला नाही.

फेज_न्यूट्रल
पडण्याचं एक कारण शॉकही असतो. जीव घेणार नाही एवढा झटका बसला तरी माणूस दचकून मागे जातो, आणि मागे काही नसतं.

स्विच बंद करणं पुरेसं नाही. जुन्या वायरिंगमध्ये स्विच न्यूट्रलवर असू शकतो, मग दिवा बंद आणि फेज जिवंत. एमसीबी पाडा, कुलूप लावा, किल्ली वरच्या माणसाच्या खिशात. ऑफिसात इन्व्हर्टरचं आउटपुटही तोडा; मेन बंद केलं तरी तो लाइन चालू ठेवतो. टेस्टर आधी चालू सॉकेटवर बघा, मग फिटिंगवर, मग परत त्याच सॉकेटवर. टेस्टरच मेला असेल तर तिसऱ्या वेळी कळतं.

जेवढं काम खाली होईल तेवढं खालीच करा. हायबेला १.५ चौरस मिमीची तीन कोअर केबल आणि प्लग जमिनीवरच जोडा, पेटवून बघा. वर फक्त साखळी डी-शॅकलने (पिनच्या लोखंडी कडीने) अडकवायची, दुसऱ्या बिंदूला सेफ्टी वायर टाकायची आणि प्लग खोचायचा. फिटिंग खांद्यावर घेऊन चढू नका, परांचीला कप्पी बांधून दोराने वर ओढा, आणि तेवढा वेळ खाली कोणी उभं राहणार नाही असं बघा. मेटल हॅलाइडचे दिवे थंड होऊ द्या, आणि जुना चोकचा डबा आधी उतरवा. जड तोच असतो.

हळदीच्या धुळीसाठी आयपी ६५ (धूळ आत न जाणारे) घ्या. साधे हायबे धूळ धरतात आणि तापतात.

हळदवखार_सांगली
एकच शंका. गोदामात मधे पोत्यांच्या थप्प्या आहेत, परांची सगळीकडे जाणार नाही. थप्पीवर फळी टाकून उभं राहिलं तर?

सेफ्टी_कुपवाड
नाही. पोती दबतात आणि थप्पी कडेने फुगून सरकते. त्या थप्प्या आधी हलवा किंवा तिथले दिवे वाटेवर येतील असे सरकवा. थप्पीच्या बरोबर वर दिवा लावून तसाही प्रकाश पोत्यांवर पडतो, वाटेवर नाही.